बिल्ला घासू नका, वाचा!



ऑगस्ट महिना आला की शाळाशाळांतून प्रदर्शनाची गडबड सुरू होते. “घरात स्वातंत्र्यलढ्याच्या काळातली एखादी वस्तू असेल तर घेऊन या,” असे गुरुजी किंवा बाई वर्गात सांगतात. मग वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, आष्टी अशा गावांतल्या जुन्या घरांतून पत्र्याच्या पेट्या उघडतात. कुठे एखाद्या अधिवेशनातला स्वयंसेवकाचा बिल्ला निघतो, कुठे बालवीर पथकाचा, कुठे चरख्याचे किंवा झेंड्याचे चित्र असलेला. बिल्ला काळवंडलेला असतो, मागची पिन मोडलेली असते, रंगाचा एखादा टवका उडालेला असतो. तो असा कसा प्रदर्शनात न्यायचा? मग घरातले कोणीतरी मोठ्या मायेने चिंच आणि राख घेऊन बसते. पिनेच्या जागी नवी पिन डाख देऊन बसवली जाते. उडालेल्या रंगाच्या जागी नखांना लावायचा लाल रंग भरला जातो. तासाभरात बिल्ला लखलखू लागतो आणि सगळ्यांना समाधान वाटते.

माझे मत स्पष्ट आहे. त्या बिल्ल्याने सत्तर-ऐंशी वर्षांत जेवढे गमावले नसेल तेवढे या एका तासात गमावलेले असते. शिवाय आधी झालेली बरीचशी हानी अजून थांबवता आली असती. ही हानी मात्र कोणालाही भरून काढता येत नाही. जुन्या बिल्ल्याची दुरुस्ती करूच नये असे मी म्हणत नाही. ती करताना त्याची किंमत कमी होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. त्यासाठी मायेच्या जोडीला थोडे रसायनशास्त्र आणि थोडे पदार्थविज्ञान लागते, आणि ते तुमच्या पाठ्यपुस्तकात आहेच.

किंमत कशात असते?

स्वयंसेवकाच्या बिल्ल्यातले पितळ मोडीत घातले तर काही रुपयेसुद्धा यायचे नाहीत. मग त्याची किंमत कशात? १९२० साली गांधीजींनी कैसर-ए-हिंद पदक सरकारला परत केले, तेव्हा त्यातले सोने किती तोळे होते हा प्रश्न कोणी विचारला नाही. वर्ध्याचे जमनालाल बजाज यांनी असहकाराच्या काळात ‘रायबहादूर’ ही पदवी सोडली. पदके आणि पदव्या यांची किंमत त्यांच्यामागच्या अर्थात असते, हे त्या काळच्या माणसांना चांगले कळत होते.

जुन्या बिल्ल्याची किंमत तो काय सांगतो यावर ठरते. १९२० च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा जमनालालजी स्वागताध्यक्ष होते. १९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात इंग्रजांनी देश सोडावा असा ठराव केला आणि १६ ऑगस्टला आष्टीत गोळीबार झाला. या घटनांतल्या पुढाऱ्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत आहेत, हुतात्म्यांची नावे स्मारकांवर आहेत. पण पाणी वाढणारे, पत्रके वाटणारे, रात्री मांडवाचा पहारा करणारे जे असंख्य लोक होते, त्यांची नावे कुठे आहेत? त्यांतल्या कित्येकांच्या मागे एखादा बिल्ला एवढाच पुरावा उरला आहे. पुरावा पुसून टाकला तर तो माणूसही पुसला जातो. हा प्रश्न हौसेने वस्तू जमवणाऱ्यांपुरता नाही, आपल्या सर्वांचा आहे, तो यासाठी.

पुट आणि मळ

तांबे आणि पितळ हवेत राहिले की त्यांवर एक पातळ थर चढतो. तांब्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन तपकिरी-काळसर ऑक्साइड बनते. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे काळे सल्फाइड बनते. या थराला आपण पुट म्हणू. पुट हा वरून येऊन बसलेला मळ नाही. बिल्ल्याच्याच धातूचे ते रूपांतर आहे. ते घट्ट आणि एकसारखे असेल तर खालच्या धातूचे हवेपासून रक्षणही करते.

चिंचेत टार्टारिक आम्ल असते, लिंबात सायट्रिक आम्ल. आम्लात हे पुट विरघळते, म्हणून भांडे चकचकीत होते. राखेचे बारीक कण धातूला खरवडतात. स्वयंपाकाच्या भांड्याला हे योग्यच आहे; कळंकलेल्या भांड्यातले अन्न पोटात जाऊ नये म्हणून आपल्या घरांनी ही रीत पाळली. भांडे जाड असते आणि त्यावर वाचण्यासारखे काही नसते. बिल्ल्यावरची अक्षरे मात्र केसाएवढ्या उंचीची असतात. प्रत्येक घासणीला त्यांतला थोडा धातू जातो. आधी बारीक अक्षरांच्या कडा बोथट होतात, मग साच्याचा शिक्का आणि बनवणाऱ्याचे नाव जाते, शेवटी चरख्याच्या आऱ्या एकमेकींत मिसळतात. १९७२ साली स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त स्वातंत्र्यसैनिकांना जी ताम्रपत्रे दिली गेली, ती दर दिवाळीला घासणाऱ्या घरांनीही हे ध्यानात घ्यावे.

पितळेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. आम्लात जस्त लवकर विरघळते आणि पृष्ठभागावर तांबे मागे राहते. म्हणून लिंबात फार वेळ ठेवलेले पितळ गुलाबी दिसू लागते. तो रंग ‘स्वच्छ’ पितळेचा नव्हे. वरच्या थरातले जस्त निघून गेल्याची ती खूण आहे. नाणी आणि पदके जमवणारे जाणकार भिंगातून ही खूण लगेच ओळखतात, आणि घासलेल्या वस्तूला कमी भाव देतात.

१९६७ साली नागपूर विद्यापीठाने आपल्या जिल्ह्यात पवनार येथे उत्खनन केले. उत्खनन करणारे संशोधक मातीचा एकेक थर नोंदवत खाली जातात, कारण कोणत्या थरात काय सापडले यावरून काळ कळतो. तिथे कोणी पहिल्याच दिवशी सगळी जमीन नांगरून सपाट केली असती तर? बिल्ल्यावरचे पुट हाही असाच एक थर आहे. फरक इतकाच की तो मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा असतो.

“मग घाण तशीच ठेवायची का?” असे कोणी विचारील. नाही. धूळ आणि घामाचा चिकटा हा मळ आहे. तो काढला पाहिजे, कारण घामातले मीठ धातूला खाते. जलरंगाच्या मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झाडावी. बिल्ला निव्वळ धातूचा असेल, तर काडीला गुंडाळलेला कापूस ऊर्ध्वपातित पाण्यात किंचित भिजवून पुसावे आणि लगेच कोरडे करावे. हे पाणी बॅटरीच्या दुकानात मिळते. नळाच्या पाण्यात क्षार असतात, ते टाळावे. एवढ्याने जे निघेल तो मळ. जे निघणार नाही ते राहू द्यावे.

दोन प्रकारचा हिरवा रंग

बिल्ल्यावर हिरवे दिसले की आधी भिंग हातात घ्या. हिरवा थर गडद, गुळगुळीत आणि धातूला घट्ट चिकटलेला असेल तर तो बहुधा स्थिर असतो. पण फिक्या हिरव्या रंगाची पूड ठिपक्याठिपक्यांनी दिसत असेल आणि मऊ काडीने ती सुटत असेल, तर बिल्ला आजारी आहे असे समजा. मीठ, घाम किंवा समुद्राची हवा यांतून आलेल्या क्लोराइडमुळे तांब्याचे क्युप्रस क्लोराइड होते. ते ओलावा आणि ऑक्सिजन मिळताच हिरव्या पुडीत बदलते आणि बदलताना हायड्रोक्लोरिक आम्ल सोडते. ते आम्ल खालच्या तांब्यावर हल्ला करून पुन्हा क्लोराइड तयार करते. असे हे चक्र चालू राहते. परदेशी संग्रहालयांत याला ‘कांस्यरोग’ म्हणतात.

या चक्रात सहज अडवता येण्याजोगा घटक एकच, तो म्हणजे ओलावा. हवेची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली ठेवली की हा रोग थबकतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींनाही ओल येते. म्हणून खरा धोका पावसाळ्यात, म्हणजे नेमका प्रदर्शनाच्या दिवसांत असतो. असा बिल्ला हातोहात फिरवू नका. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डब्यात ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

मोडलेली पिन

बिल्ला बहुधा पितळेचा आणि मागची पिन पोलादाची असते. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये घामासारखा खारट ओलावा आला, की तिथे एक छोटा विद्युतघट तयार होतो. त्यात लोखंड झिजते आणि पितळ वाचते. म्हणून सर्वांत आधी पिनच गंजून मोडते. वाकलेली पिन सरळ करण्याचाही मोह नको. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की ती कडक होते आणि तुटते, हे तुम्ही करून पाहिले असेलच.

मोडलेल्या पिनेला नवी पिन डाख देऊन बसवणे ही सर्वांत महागात पडणारी दुरुस्ती. कथील आणि शिसे यांचा नेहमीचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो. तो पक्का बसायचा तर बिल्ला त्याहून जास्त तापवावा लागतो. पहिल्या कारागिराने दिलेले जुने डाखही तेव्हा सुटतात. पुढच्या बाजूला काचेचा मीना असेल तर तो तडकतो. एक मीटर लांबीची पितळी पट्टी १ अंशाने तापली की सुमारे ०.०१९ मिलिमीटर वाढते. साधी काच त्याच्या निम्मीच वाढते. धातू आणि काच एकमेकांना चिकटलेले असताना एक जास्त आणि एक कमी पसरू लागले तर काय होईल, हे सांगायला नको. शिवाय डाखातले कथील पितळेत शिरते. नंतर ते संपूर्ण काढून टाकता येत नाही.

मग करायचे काय? मला वाटते, एक साधी गोष्ट मान्य करायची: हा बिल्ला आता छातीवर लावण्यासाठी नाही. राष्ट्रीय छात्र सेनेचा गणवेशावरचा बिल्ला रोज चमकवावा, पिन मोडली तर बदलावी; तो सेवेत आहे. पण आजोबांचा बिल्ला सेवानिवृत्त झाला आहे. त्याला पिनेची गरज नाही, विश्रांतीची आहे. जाड मऊ कागदात बिल्ल्याच्या आकाराची खाच करून त्यात तो ठेवा. पिनेचा मोडका तुकडा वेगळ्या पुडीत घालून, त्यावर लिहून, सोबतच ठेवा. पिन कशी वळवली होती, कशी जोडली होती यावरून बिल्ला कोणत्या पद्धतीने बनवला हे कळते. तो तुकडा कचरा नव्हे.

उडालेला मीना आणि सेल्युलॉइडचे चित्र

मीना म्हणजे धातूवर सुमारे ८०० अंशांना वितळवून बसवलेली रंगीत काच. स्वस्त बिल्ल्यांवर काचेऐवजी नुसता रंग असतो. भिंगातून पाहिल्यास काचेच्या टवक्याच्या कडा धारदार दिसतात. रंग असेल तर तो सालीसारखा सुटलेला दिसतो. टवका उडालेल्या जागी दुकानातला रंग भरणे म्हणजे फाटलेल्या पत्रातला गाळलेला मजकूर स्वतःच्या मनाने लिहिण्यासारखे आहे. तिथे मुळात कोणती छटा होती हे आपण खात्रीने सांगू शकत नाही.

१९६४ साली व्हेनिस येथे जुन्या वास्तूंच्या जतनाविषयी एक सनद ठरली. तिच्यातली दोन तत्त्वे बिल्ल्यालाही लागू पडतात. जिथून अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्ती थांबली पाहिजे. आणि नवा भरलेला भाग एकंदर वस्तूशी जुळावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखू यावा. संग्रहालयातले तज्ज्ञ सुटू पाहणारा टवका बसवताना पॅरालॉइड बी-७२ नावाचे ॲक्रिलिक राळ वापरतात, कारण ते ॲसिटोनमध्ये पुन्हा विरघळवता येते. उद्या अधिक चांगला उपाय निघाला तर आजची दुरुस्ती सोडवता आली पाहिजे, हा त्यामागचा विचार. झटपट चिकटणारे डिंक आणि एपॉक्सी यांच्या बाबतीत ही सोय फारच कमी असते. तेव्हा सुटलेला टवका चिकटवू नका, पुडीत जपून ठेवा.

काही बिल्ले याहून नाजूक असतात. पत्र्याच्या गोल तबकडीवर छापील कागद आणि त्यावर पारदर्शक सेल्युलॉइडचा पापुद्रा, अशी त्यांची रचना असते. असे बिल्ले अमेरिकेत १८९० नंतरच्या दशकात निघाले आणि जगभर निवडणुकांत, संमेलनांत वापरले गेले. यांना पाण्याचा थेंबही लावू नका. कडेतून पाणी आत गेले की पत्रा गंजतो आणि कागदावर तपकिरी डाग उमटतात. ॲसिटोनने तर सेल्युलॉइडच विरघळते. सेल्युलॉइड जुने झाले की त्यातून नायट्रोजनची आम्लधर्मी ऑक्साइडे बाहेर पडतात आणि शेजारचे धातूचे बिल्ले खराब होतात. ते लवकर पेटही घेते. म्हणून असे बिल्ले वेगळ्या, बंदिस्त नसलेल्या जागी, थंडाव्यात ठेवावेत. बिल्ल्याला रेशमी किंवा खादीची फीत असेल तर ती धुऊ नये. जुने रंग ओघळतात.

बापूकुटीचे काय?

इथे एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, “सेवाग्रामची बापूकुटी मातीची आहे. मातीच्या भिंती वेळोवेळी नव्याने लिंपाव्याच लागतात. मग तिथे नवी माती चालते, आणि बिल्ल्यावर नवा रंग का चालत नाही?”

प्रश्न फार चांगला आहे. १९३६ साली गांधीजी शेगावला राहायला आले. तेच पुढे सेवाग्राम झाले. माती, बांबू आणि कौले यांच्या झोपडीत राहायचे, म्हणजे ती दरवर्षी लिंपायची, हे त्या राहणीतच धरलेले होते. लिंपण थांबवले तर एकदोन पावसाळ्यांत भिंत खचेल. तिथे लिंपणे हीच परंपरा आहे आणि कुटीचा साधेपणा तिच्या आकारात, मांडणीत आणि जागेत आहे. १९९४ साली जपानमधील नारा येथे जमलेल्या तज्ज्ञांनीही हेच मान्य केले, की अस्सलपणा प्रत्येक वस्तूच्या आणि संस्कृतीच्या संदर्भात तपासावा लागतो. बिल्ला मात्र एकदाच साच्यातून निघाला. त्याचे सांगणे त्याच्या मूळ धातूत, मूळ रंगात आणि त्यावर पडलेल्या ओरखड्यांत आहे. तेव्हा दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी विचारायचा प्रश्न एकच: या वस्तूची किंमत नेमकी कशात आहे? उत्तर मिळाले की कशाला हात लावायचा नाही हे आपोआप कळते.

डबा, खादी आणि वही

जतनाला फार खर्च येत नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, धुतलेल्या आणि खळ नसलेल्या खादीचे तुकडे, आणि औषधाच्या बाटल्यांत किंवा बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या एवढे पुरते. रबरबँड आणि लोकर यांत गंधक असते. त्याने चांदी आणि तांबे काळे पडते. मऊ पीव्हीसीच्या पाकिटातून कालांतराने आम्लधर्मी द्रव्ये सुटतात. लाकडातूनही आम्लांची वाफ निघते. दुधाच्या पिशवीचे पॉलिथिलीन त्या मानाने निरुपद्रवी. ब्रिटिश म्युझियममधील अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली यासाठी एक चाचणी सुचवली. बंद नळीत तपासायचा पदार्थ, धातूचा चकचकीत तुकडा आणि थोडे पाणी ठेवून ती ६० अंशांना २८ दिवस ठेवायची. धातू बिघडला, तर तो पदार्थ संग्रहालयाच्या कपाटात नको!

याची साधी आवृत्ती तुमच्या विज्ञान मंडळाला करता येईल. जुना बिल्ला मात्र प्रयोगाला घेऊ नका. हार्डवेअरच्या दुकानातून पितळी वॉशर आणा. एक वॉशर अर्धा लिंबाच्या रसात रात्रभर ठेवा आणि दोन्ही अर्ध्यांचा रंग भिंगातून पाहा. एका बशीत मिठाच्या पाण्यात नुसता लोखंडी खिळा ठेवा, दुसरीत वॉशरला घट्ट बांधलेला खिळा. आठ दिवसांनी कोणत्या बशीत गंज अधिक दिसतो ते लिहून ठेवा. पिन आधी का मोडते, याचे उत्तर तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी मिळेल.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. यंदाच्या प्रदर्शनासाठी बिल्ले मागवताना सोबत सांगा, “जसा आहे तसा आणा.” आणि शाळेत एक बिल्ल्यांची नोंदवही सुरू करा. प्रत्येक बिल्ल्याचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र, व्यास, शाळेच्या तराजूवरचे वजन, त्यावरचा मजकूर, कुठे काय मोडले आहे आणि पूर्वी कोणती दुरुस्ती झाली आहे, हे तीत लिहावे. दुरुस्ती लपवू नये. जुन्या वस्तूंच्या व्यवहारात लपवलेली दुरुस्ती ही फसवणूक समजली जाते. बिल्ला आजारी वाटला तर संग्रहालयाचा सल्ला घ्यावा. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला ‘अजब बंगला’, १८६३ पासून आहे. लखनौला १९७६ साली सांस्कृतिक संपदेच्या संरक्षणासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली आहे.

पण या वहीतला सर्वांत महत्त्वाचा रकाना शेवटचा: हा बिल्ला कोणाचा, तो कुठे मिळाला, तेव्हा काय घडले? याचे उत्तर भिंगात दिसत नाही. ते घरातल्या आजी-आजोबांकडे आहे, आणि ते वर्षावर्षाने कमी होत चालले आहे. तेव्हा मित्रांनो, घरात बिल्ला सापडला की चिंच आणायला धावू नका. वही-पेन्सिल घ्या, आजीजवळ बसा आणि विचारा, “आजी, हा कोणाचा गं?” बिल्ल्याची पहिली दुरुस्ती तिथूनच सुरू होते.